पुण्यातील शिक्षणाच्या देणग्या नववीच्या मुलांपर्यंत का पोचत नाहीत?

मुळाकाठ:

पुण्यातील एका लहानशा कौटुंबिक विश्वस्त निधीच्या निवड समितीवर मी काही वर्षे काम करत आहे. निधी मोठा नाही. त्याच्या व्याजातून शहरातील मुलांच्या शिक्षणासाठी दरवर्षी मोजक्या संस्थांना अनुदान दिले जाते. आलेले प्रस्ताव वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की झाली आहे, आणि ती जाणकारांपुढे ठेवून त्यांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. शिक्षणासाठी येणारा धर्मादाय पैसा पहिली ते चौथीच्या मुलांपाशी आणि दहावी-बारावीच्या गुणवंतांपाशी एकवटतो. मुले शाळेतून खरोखर गळतात त्या टप्प्यावर, म्हणजे आठवी संपून नववी सुरू होते त्या काळात, देणारा सहसा कोणी नसतो.

असे का होते, याची काही कारणे कायद्यातच आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना, म्हणजे पहिली ते आठवीला, मोफत शिक्षणाची हमी दिली. खासगी विनाअनुदानित शाळेतील २५ टक्के राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्या मुलाची जबाबदारी शासन आठवीपर्यंत घेते. नववीत गेल्यावर त्याच वर्गातील त्याच मुलाच्या पालकांना पूर्ण फी भरायला सांगितली जाते, आणि घरकाम करणाऱ्या किंवा रिक्षा चालवणाऱ्या घराला ती बहुधा झेपत नाही. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंत आहेत, माध्यमिक शाळा तुलनेने थोड्या. त्यामुळे तेथील मुलांनाही ऐन वयात दुसरी शाळा शोधावी लागते. महापालिका दहावीनंतर मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाने १५,००० रुपये आणि बारावीनंतर अण्णा भाऊ साठे यांच्या नावाने २५,००० रुपये देते. या योजनांनी अनेक घरांना आधार दिला आहे आणि त्या चालू राहिल्याच पाहिजेत. परंतु त्यांची मूळ अट ८० टक्के गुणांची आहे, काही गटांना ती शिथिल केलेली असली तरी. नववीत शाळा सुटलेली मुलगी या योजनांच्या अर्जापर्यंत पोचतच नाही.

या शहराला देण्याची परंपरा नवी नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली, आणि पुढे त्याच दक्षिणा निधीतून जोतीराव फुले यांच्या शाळांनाही साहाय्य मिळाले. वार लावून, म्हणजे आठवड्याच्या दर वारी एकेका घरी, जेवण्याच्या रिवाजावर पुण्यात कितीतरी मुले शिकली. मात्र त्या रिवाजाचा लाभ मुख्यतः ब्राह्मण घरांतील मुलांनाच झाला, हेही नमूद केले पाहिजे. नाना पेठेत विठ्ठल रामजी शिंदे यांनी अहिल्याश्रम उभा केला तो ज्यांना इतरत्र दारे बंद होती त्यांच्यासाठी. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, ज्याला आज आपण पुणे विद्यार्थी गृह म्हणतो. त्याच वर्षी रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली.

यातील दोन देणग्या मला फार शिकवणाऱ्या वाटतात. धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जागा आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले. संस्थेला त्या घडीला नेमके तेवढेच हवे होते. पुढे १९२० मध्ये कर्वे यांच्याच महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली, आणि तिच्यापोटी विद्यापीठाला वर्षाला ५२,५०० रुपये व्याज मिळू लागले. देणगीला अटी होत्या, विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचे नाव लागले. पण दर वर्षी हमखास येणारे उत्पन्न हाती आले, आणि शिक्षणाच्या कामाला एवढी गरज दुसऱ्या कशाचीही नसते.

आज आमच्याकडे येणारे बहुतेक प्रस्ताव दप्तरांचे, वह्यांचे, संगणक कक्षाचे किंवा वर्गखोलीच्या रंगकामाचे असतात. संस्था हे मागतात, कारण देणगीदार हेच देतात. वस्तीत घरोघरी जाऊन मुलगा शाळेत का आला नाही हे विचारणाऱ्या ताईंच्या मानधनासाठी पैसे मागणारा प्रस्ताव क्वचित येतो, आणि आला तर समितीतच कोणीतरी म्हणते की हा तर प्रशासकीय खर्च झाला. या विषयात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया लिहावे.

पाटीपेन्सिल:

मुळाकाठ ताई, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. मी एका अनुदानित मराठी शाळेत मुख्याध्यापिका होते आणि नववीच्या प्रवेशांचे काम अनेक वर्षे माझ्याच टेबलावर होते, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट अशी की चौदा हे वय दोन कायद्यांची सीमा आहे. शिक्षण हक्काची हमी चौदाव्या वर्षी संपते, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा असले तरी चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवता येते. म्हणजे ज्या वर्षी शाळा महाग होते, त्याच वर्षी गॅरेजमध्ये, कपड्यांच्या दुकानात किंवा मंडईत मिळणारी मजुरी कायदेशीर होते. घरात कर्ज असेल तर निर्णय काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरी गोष्ट माध्यमाची. राखीव जागेवर इंग्रजी शाळेत आठ वर्षे शिकलेले मूल फी परवडत नाही म्हणून आमच्यासारख्या शाळेत येते. आमच्याकडे फी नाममात्र, मुलींना तर शिक्षण मोफतच. पण इतिहास, भूगोल आणि विज्ञान त्याने आयुष्यात प्रथमच मराठीतून वाचायचे असते. ‘काटकोन त्रिकोण’ किंवा ‘अपवर्तन’ हे शब्द त्याच्या कानावरही पडलेले नसतात. घरी मराठी बोलणारे, बुद्धीने चांगले असे मूल पहिल्या चाचणीत नापास होते आणि स्वतःला मठ्ठ समजू लागते. अशा मुलांसाठी जून ते सप्टेंबर हे चार महिने शाळा सुटल्यावर रोज तासभर शिकवणारी एक शिक्षिका मिळाली, तर त्यातील बरीचशी मुले सावरतात, हे मी पाहिले आहे. खर्च असतो तो त्या शिक्षिकेच्या मानधनाचा. मी यासाठी अनेक देणगीदारांकडे शब्द टाकला होता. त्यांच्याकडून शाळेला पिण्याच्या पाण्याची यंत्रे मिळाली, आणि त्यासाठी मी कृतज्ञ आहे. मानधन मात्र मिळाले नाही.

खडकवासला:

मुद्दा पटतो, तरी दुसरी बाजू नोंदवतो. मी एका गणेश मंडळाच्या शैक्षणिक मदतीच्या कामात असतो. लोक वर्गणी देतात ती विश्वासावर, आणि त्या पैशाचे काय झाले हे त्यांना डोळ्यांनी दिसावे लागते. वह्यावाटप दिसते, मानधन दिसत नाही. घरात रोख रक्कम दिली तर ती मुलाच्या शिक्षणावरच खर्च होईल याची खात्री कोण देणार? शिवाय वस्तूही लागतातच. पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गात कोणीही शिकू शकत नाही. दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या जय गणेश पालकत्व योजनेसारखे सातत्याने चालणारे काम मोठ्या ट्रस्टला झेपते. आमच्यासारख्या लहान मंडळाला पुढच्या वर्षी वर्गणी किती जमेल हेच ठाऊक नसते. मग चार वर्षांचा शब्द आम्ही कोणत्या बळावर द्यावा?

अबोली:

मी सामाजिक कार्यकर्ती आहे आणि शहराच्या पूर्वेकडील वस्त्यांत व बांधकामांवर काम करते. खडकवासला यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बांधकामावर पत्र्याच्या खोल्यांची रांग असते. कुटुंबे मराठवाड्यातून, कर्नाटकातून, आता बिहार-झारखंडमधूनही आलेली. इमारतीचे काम संपले की मुकादम सर्वांना दुसऱ्या साइटवर हलवतो, आणि मुलाचे नाव जुन्या शाळेच्या हजेरीवर राहते. त्याची आठवीपर्यंतची वर्षे चार शाळांत गेलेली असतात. अशा मुलाच्या हातात दप्तर देऊन काहीच घडत नाही. कुटुंब कोठे गेले ते शोधून काढणारी, नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटणारी, बदलीचा दाखला आला नसला तरी प्रवेश द्यावा म्हणून पाठपुरावा करणारी व्यक्ती लागते. डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्थेने मुंबई-पुण्यात हे काम अनेक वर्षे चिकाटीने केले आहे, आणि ते पाहिले की पगारावरचा खर्च हाच कामावरचा खर्च आहे हे समजते.

आता कुटुंबाला दिलेल्या पैशाविषयी. शासनाची बालसंगोपन योजना आहे, जिच्यात एक पालक गमावलेल्या, निराधार किंवा आईवडील दुर्धर आजारी असलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. मूल आश्रमात न जाता घरीच राहावे, हा या दोन्हींचा उद्देश. करोनानंतर आमच्या भागातील अनेक विधवा बायकांना ही योजना मिळवून देताना मी जे पाहिले ते सांगते. एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रे घेऊन यायच्या: पतीच्या मृत्यूचा दाखला, मुलांचे आधार, शाळेचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक. शिधापत्रिका गावाकडची, सासऱ्यांच्या नावावर. पुण्यात राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार हवा, आणि घरमालक करार करून द्यायला तयार नाही. बालकल्याण समितीपुढे यायचे तर त्या दिवसाची धुणीभांडी बुडणार, चार घरांतून बोलणी बसणार. अखेर योजना मंजूर झाली, पण मधल्या महिन्यांत थोरल्या मुलीची शाळा जवळजवळ सुटली होती. ती टिकली, कारण एका देणगीदाराने त्या काळापुरते घरभाडे भरले.

रोख रकमेचा गैरवापर होतच नाही, असा दावा मी करणार नाही. पण ज्या घरी कार्यकर्ती दर आठवड्याला जाते, त्या घरातील पैसा कोठे जातो हे तिला ठाऊक असते. आणि खडकवासला सर, लहान मंडळाने चार वर्षांचा शब्द एकट्याने द्यायची गरज नाही. पेठेतील पाच मंडळांनी मिळून एका ताईचे मानधन उचलले, तर एखाद्या वर्षी एका मंडळाची वर्गणी कमी पडली तरी काम थांबत नाही.

जमाखर्च:

व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. धाग्यात प्रशासकीय खर्चाचा उल्लेख आला, त्याविषयी देणगीदार आणि संस्था दोघांमध्येही मोठा गैरसमज आहे, म्हणून लिहीत आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि कंपनी जेथे कार्यरत आहे त्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. पुण्याभोवतीच्या कारखान्यांमुळे आणि सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे या शहरात हा पैसा येतो, त्याचे कारण हे. या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. परंतु ती कंपनीच्या स्वतःच्या सामाजिक दायित्व विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट होणारा खर्च तिच्यात येत नाही. वस्तीत फिरणाऱ्या ताईंचे मानधन हा अंमलबजावणीचा खर्च आहे. तरीही संस्थांना ‘पगारासाठी ५ टक्क्यांहून जास्त मागू नका’ असे सांगितले जाते, आणि संस्था ते निमूटपणे ऐकून घेतात. यापुढे त्यांनी याच नियमांतील नियम ७ पुढे ठेवावा.

दुसरा मुद्दा कालावधीचा. चालू प्रकल्प म्हणून कंपनी सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत काम हाती घेऊ शकते. म्हणजे एकूण चार वर्षे, आणि नववी ते बारावी हीदेखील चारच वर्षे आहेत. मूल नववीत असताना प्रकल्प सुरू केला, तर ते बारावी होईपर्यंत कायद्याच्या चौकटीत राहून साथ देता येते. न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात वळवायची, एवढेच पथ्य. प्रत्यक्षात वर्ष संपत आल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने धनादेश निघतात आणि ३१ मार्चपूर्वी पैसे खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते. शाळा जूनमध्ये उघडणार असताना मार्चमध्ये काय खर्च करता येईल? वस्तूंची खरेदी. मुळाकाठ यांना दप्तरांचे एवढे प्रस्ताव का दिसतात, याचे एक उत्तर माझ्या मते या तारखांमध्येही आहे.

दूरदेशी:

मी अमेरिकेत राहतो. आमच्या मराठी मंडळातील काही जणांना पुण्यातील मुलींच्या नववी ते बारावीच्या शिक्षणासाठी नियमित रक्कम द्यायची आहे. येथून एखाद्या मोठ्या संस्थेला पैसे पाठवून तिने ते वस्तीपातळीवरील लहान संस्थांना द्यावेत, असे आम्ही ठरवत होतो. यात काही अडचण आहे का?

जमाखर्च:

दूरदेशी, मोठी अडचण आहे. परकीय योगदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेले परदेशी योगदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्या दुसऱ्या संस्थेची या कायद्याखाली नोंदणी असली तरीही. आपल्याला ज्या संस्थेच्या कामासाठी पैसे द्यायचे आहेत तिच्याकडेच ही नोंदणी असली पाहिजे, आणि रक्कम तिच्या नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या नेमून दिलेल्या खात्यातच आली पाहिजे. लहान संस्थांना या दुरुस्तीचा फार मोठा फटका बसला आहे. मात्र आपल्यापैकी जे अजून भारतीय नागरिक आहेत, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान मानली जात नाही. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी मात्र परकीयच ठरते, त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. म्हणून मंडळाच्या नावाने एकत्र रक्कम पाठवू नका; भारतीय पारपत्र असलेल्यांनी वैयक्तिकरीत्या द्यावी.

येथील वाचकांसाठीही एक सूचना: नव्या कररचनेत देणगीवरील करवजावट मिळत नाही, आणि जुन्या रचनेतही २,००० रुपयांवरील रोख देणगीवर ती मिळत नाही. करसवलत मिळत नाही म्हणून देणगी बंद करणारी काही मंडळी मला भेटली आहेत. त्यांनी फेरविचार करावा, अशी विनंती आहे.

माणदेश_१:

मी माणमधून पुण्यात शिकायला आलो आणि विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करत पदवी पूर्ण केली. धागा नववीविषयी आहे, पण उशिरा येणाऱ्या पैशाचा मुद्दा पुढच्या शिक्षणालाही लागू आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे, आणि ती मिळाली तर खोली आणि मेस दोन्ही निघतात. अडचण अशी की खोलीभाडे दर महिन्याला द्यावे लागते आणि हप्ता शैक्षणिक वर्ष सरत आल्यावर, कधी त्यानंतर येतो. माझे दोन मित्र या मधल्या काळात गावी परतले. त्यांची नावे मंजूर यादीत होती.

देणगीदारांनी नवीन शिष्यवृत्ती काढण्याऐवजी मंजूर झालेल्या विद्यार्थ्याला हप्ता येईपर्यंत बिनव्याजी उचल दिली, तर तीच रक्कम परत येऊन पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या कामी येईल. एकदा उभी केलेली रक्कम वर्षानुवर्षे फिरती राहू शकते.

मुळाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. हे प्रतिसाद मी समितीपुढे ठेवले आणि काही गोष्टी ठरल्या आहेत, त्या येथे कळवते.

यंदापासून आमच्या निधीतील मोठा वाटा नववीत जाणाऱ्या मुलांसाठी राखला आहे, आणि अनुदान एकाच वेळी चार वर्षांसाठी मंजूर होईल. संस्थेला दर वर्षी नवा प्रस्ताव लिहावा लागणार नाही. वर्षाचा हिशेब आणि कोणती मुले शाळेत आहेत याची यादी पुरेशी होईल. गळालेल्या मुलांची नावेही त्या यादीत असावीत, कारण ती लपवली गेली तर पुढचे काही कळणारच नाही. मानधनावर टक्केवारीची कोणतीही मर्यादा घातलेली नाही. पाटीपेन्सिल बाईंनी सुचवलेला माध्यम बदलणाऱ्या मुलांचा चार महिन्यांचा वर्ग दोन अनुदानित शाळांत सुरू करायचा आहे, आणि पहिला हप्ता मे महिन्यातच दिला जाईल, म्हणजे शाळा उघडते त्या आठवड्यात शिक्षिका वर्गात असतील. अबोली ताईंनी सांगितलेल्या घरभाड्यासारख्या प्रसंगांसाठी कार्यकर्तीच्या शिफारशीवर, कागदपत्रांचा आग्रह न धरता देता येईल अशी लहान रक्कम बाजूला ठेवली आहे. यावर समितीत बराच वाद झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. पण पहिल्या वर्षापुरती मान्यता मिळाली आहे.

माणदेश_१ यांची फिरत्या उचलीची कल्पना सर्वांना आवडली, परंतु आमच्या न्यासाच्या घटनेत कर्ज देण्याची तरतूद नाही. घटनादुरुस्तीसाठी धर्मादाय सहआयुक्तांकडे अर्ज करावा लागेल, आणि त्याला वेळ लागणार आहे. ज्या न्यासांच्या घटनेत अशी तरतूद आधीपासून आहे, त्यांनी हे काम आताच हाती घेतले तर यंदाच्या विद्यार्थ्यांना उपयोग होईल. खडकवासला, आपल्या पेठेतील मंडळांची बैठक ठरली तर कळवावे. मी आणि जमाखर्च दोघेही येऊ.